सोयाबीनमधलं तण: उगवणीआधी फवारायचं की उगवल्यावर?

वाण आणि खतावर आपण महिनाभर चर्चा करतो, पण तणनाशक मात्र कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर पाच मिनिटांत ठरतं. खरं तर पहिले ३०-४० दिवस रान स्वच्छ ठेवलं तर पुढे पिकाची सावलीच तण दाबते. म्हणून हा निर्णय पेरणीआधी घरी बसून घ्या.

उगवणीआधी म्हणजे पेंडीमिथॅलिन किंवा डायक्लोसुलम. पेरणीनंतर ४८ तासांच्या आत, ओल्या जमिनीवर, एकरी २०० लिटर पाण्यातून फवारायचं. फवारताना मागे मागे सरकायचं, म्हणजे मातीवर बसलेला थर पायांनी फुटत नाही. जमीन कोरडी किंवा ढेकळांची असेल तर पैसे वाया. पेंडीमिथॅलिन बियांतून येणारं गवत चांगलं अडवतं. कांड्यांतून फुटणारी हराळी आणि गाठींतून येणारा लव्हाळा त्याला दाद देत नाहीत. तरीही झड लागून आठ-दहा दिवस वाफसा (रानात काम करता येईल इतपत ओल) आला नाही, की याची किंमत कळते. डवरा (ओळींमधलं तण काढायचं बैलाचं अवजार) चालत नाही, पंप उचलता येत नाही, पण पीक तगून असतं.

उगवल्यावर मारायचं असेल तर इमॅझेथापायर १० टक्के, एकरी ४०० मिली, तण दोन ते चार पानांवर असताना. इथं तण बघून औषध निवडता येतं. नुसतं गवत असेल तर क्विझालोफॉप पुरे. अडचण आहे ती केना या तणाची. तो वीतभर झाला की औषध त्याला नुसतं पिवळं करतं, आणि डवऱ्यानं तोडला तर ओल्या रानात पेरापेराला मुळ्या फोडून एकाचे चार होतात. फवारणीनंतर सोयाबीनही थोडं पिवळं पडतं, पण सावरतं. वारा असेल तर शेजारचा कापूस सांभाळा.

आता दुकानात कोणी सांगत नाही ते. डायक्लोसुलम आणि इमॅझेथापायर तणाच्या एकाच एन्झाइमवर घाव घालतात. आधी एक, नंतर दुसरं आणि दरवर्षी तेच, असं केलं तर औषधाला न जुमानणारं तण आपणच पोसतो. अमेरिकेत ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणारं सोयाबीन १९९६ मध्ये आलं आणि सगळी भिस्त एकाच औषधावर गेली. २००० मध्येच डेलावेअरच्या शेतात त्याला दाद न देणारं तण सापडलं. पुढे डायकांबा हे दुसरं तणनाशक सहन करणारं वाण आणलं, तर औषध उडून शेजाऱ्यांच्या साध्या सोयाबीनची पानं वाटीसारखी वळली. २०२० आणि २०२४ मध्ये न्यायालयांनी त्या फवारणीची मंजुरी रद्द केली. आपल्याकडे तणनाशक सहन करणाऱ्या जनुकीय सोयाबीनला लागवडीची परवानगी नाही. चोरून कोणी पिशवी दिली तर घेऊ नका.

माझं मत स्पष्ट आहे. काळी भारी जमीन, मजुरांची टंचाई आणि पेरणीला चांगली ओल असेल, तर आधी पेंडीमिथॅलिनच मारा. पंधराव्या दिवशी रान फिरून बघा, तण असेल त्या पट्ट्यातच इमॅझेथापायर घ्या आणि पंचविसाव्या दिवसानंतर वाफसा साधून एक डवरणी करा. ओल कमी असेल तर थेट उगवणीनंतरचं बघा. आणि रब्बीत मोहरी किंवा भाजीपाला घ्यायचा असेल, तर डबा विकत घेण्याआधी पुढच्या पिकाबद्दल लेबलवर काय लिहिलंय ते वाचा. इमॅझेथापायर जमिनीत बराच काळ राहतं.