फुंकायचं मीटर: नऊ महिने, सात रिसेप्शन

नोव्हेंबरात परभणीच्या रिसेप्शनला दोन दिवस उरले होते. माणसाने फुंकलं की त्याच्या अंगात किती दारू आहे ते सांगणारं माझं मीटर चालू केलं तर आकड्यांच्या जागी 'कॅल' अशी अक्षरं आली. सेल बदलले, बटण धरून ठेवलं, पुन्हा 'कॅल'. म्हणजे कॅलिब्रेशन, आकडा खऱ्या मापाशी जुळवून घेणं, ते करून आणा, तोवर काही सांगणार नाही. सात हजार आठशे रुपये मोजून घेतलेली वस्तू ऐन कामाच्या वेळी गप्प बसली. त्याच दिवशी ठरवलं की हे लिहायचं. आता फेब्रुवारी आहे, सगळं निस्तरून झालं आहे, आणि मधल्या काळात माझं मतही दोनदा बदललं आहे. तेही सांगतो.

लातूरच्या मोंढ्यात माझं आडतीचं दुकान आहे. मी स्वतः पीत नाही. मुलीच्या रिसेप्शनसाठी एप्रिलअखेर हे मीटर घेतलं, त्याला कारण होतं. २०११ साली आमच्याच घरचं लग्न आटोपून माझा मावसभाऊ मोटारसायकलवर अहमदपूरला निघाला आणि चाकूरच्या अलीकडे उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. पण तो प्यालेला होता, आणि ती बाटली आमच्याच मांडवामागे एका जीपच्या डिकीत उघडली होती. आमच्याकडे दारू चालत नाही, असं म्हणत आम्ही सगळ्यांनी तिकडे पाठ फिरवली होती. डिकीतली दारू कोणी मोजत नाही. ती जेवणाआधी, घाईघाईत, पाणी न घालताच घशाखाली जाते.

म्हणून मुलीच्या वेळी मी हट्टाने उघड व्यवस्था केली. लग्न कार्यालयात, पंगतीला येसर आणि मठ्ठा, तिथे काही नाही. रिसेप्शन हॉटेलच्या लॉनवर, राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना काढून. घरात आठ दिवस अबोला होता. आपल्याकडे बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, हे जावयाच्या मित्रांना आधीच कळवलं आणि काउंटरवर आधार कार्ड बघायला माझा मेहुणा उभा केला.

दुकानदाराने साठ माणसांना वीस बाटल्या सांगितल्या. मी मोंढ्यातला माणूस, हिशोब मांडून बघितला. ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे २५ छोटे पेग बसतात. माणशी जास्तीत जास्त तीन धरले तर साठ जणांना १८० पेग, म्हणजे सव्वासात बाटल्या. मी आठ आणल्या आणि वाढप्याला बजावलं, ओतायचं ते मापानेच. बिअर अजिबात ठेवली नाही. पोरं रुसली, 'मामा, बिअर तर हलकी असते.' हा गैरसमज आपल्याकडे घट्ट बसला आहे. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा छोटा पेग म्हणजे साधारण दहा ग्रॅम अल्कोहोल. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत एक्केचाळीस ग्रॅम, म्हणजे चार पेग. पोरं अशा दोन बाटल्या रिचवतात आणि 'आज फक्त बिअर घेतली' म्हणून गाडीला किक मारतात.

काउंटर साडेसातला उघडला, पावणेदहाला बंद. जेवण आठलाच सुरू केलं. खारे शेंगदाणे आणि चिवडा ठेवू दिला नाही, खाऱ्याने तहान वाढते आणि हात पुन्हा ग्लासकडे जातो. आणि काउंटरच्या शेजारीच पाण्याचे चार जार, लिंबू सरबत आणि पन्हं. पाण्याला केटरर कुरकुरला. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं आमचं शहर, इथे जार मोजूनच मागवतात. मी म्हटलं, दुसरीकडे कुठेही हात आखडा, इथे नको. मे महिन्याचा उकाडा आणि त्यात दारू, माणूस आधी पाण्यावाचून सुकतो.

आता मीटरकडे येतो.

आधी एक स्वस्तातलं आणलं होतं, साडेअकराशेचं, सेमीकंडक्टर सेन्सरवालं. घरी करून बघितलं. आयुष्यात थेंब न घेतलेल्या माझ्या बायकोने फुंकलं तर ०.०४. तिने नुकतंच अत्तर लावलं होतं. रिसेप्शनच्या दारात तर येणाऱ्या प्रत्येकाला अत्तर लावतात! दुसऱ्या दिवशी परत पाठवलं आणि फ्युएल सेल या दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरचं घेतलं. ते महाग असतं, पण अत्तराला, विडीच्या धुराला तसं फसत नाही. ते मी पाच-सहा जणांवर तपासून बघितलं. स्क्रीनवर रक्तातल्या टक्क्यात आकडा येतो. कायद्याची हद्द १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे स्क्रीनवर ०.०३. त्यावर सापडलात तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पद्धत अशी ठरवली: गाड्यांच्या किल्ल्या गेटवरच गोळा करायच्या, प्रत्येक किल्लीला दोऱ्याने नावाची चिठ्ठी, सगळ्या एका स्टीलच्या पोह्यांच्या डब्यात. जाताना फुंकायचं, मग किल्ली. ज्याला मिळणार नाही त्याच्यासाठी दोन काळी-पिवळी जीप रात्रभर ठरवलेल्या, प्रत्येकी अठराशे रुपये.

पहिल्या दोन तासांत मी मीटरवर बेहद्द खूश होतो. एरवी पाहुण्याला 'तू प्यालास, गाडी चालवू नको' म्हटलं की मानापमान होतो. इथे वाद घालायला समोर यंत्र होतं. 'भाऊजी, मी नाही म्हणत, हे म्हणतंय.' व्याह्यांकडचे एक जण आकडा बघून आपणहून जीपमध्ये जाऊन बसले.

मग रात्री दहाला माझा भाचा आला. सत्तावीस वर्षांचा, पासष्ट किलोचा, औशाकडे जायचं होतं. फुंकला. ०.०२४.

'मामा, लिमिटच्या खालीच हाय बगा. द्या किल्ली.'

मी डब्यातून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. आजही ती ठेवलेली जागा आठवते, गेटजवळचा कनातीचा खांब, त्याला गुंडाळलेली झेंडूची माळ. तेवढ्यात फोटोवाल्याने आजोळच्या सगळ्यांना स्टेजवर बोलावलं. एकदा फोटो, मग आजीला खुर्ची आणली, पुन्हा फोटो. खाली येईपर्यंत दहा पस्तीस झाले होते. सहज म्हणून म्हटलं, परत फुंक बरं. ०.०५१.

'आसं कसं? मी तर मधी काहीच घेतलं नाय!'

खरं होतं. त्याने मधे काहीच घेतलं नव्हतं. काउंटर बंद व्हायच्या आधीच्या अर्ध्या तासात तीन पेग घेतले होते, जेवला नव्हता, आणि ते पोटातून रक्तात अजून चढत होते. मीटर खोटं बोललं नाही. दहा वाजता त्याच्या रक्तात खरंच ०.०२४ असावं. पण औशाच्या रस्त्यावर पोचेपर्यंत ते दुप्पट झालं असतं, आणि मी स्वतःच्या हाताने त्याला किल्ली दिली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. मावसभाऊ डोळ्यांपुढे येत होता.

मीटरच्या खोक्यावर, माहितीपत्रकात, जाहिरातीत, कुठेही हे ठळक लिहिलेलं नाही. हिरवा दिवा लागतो आणि सोबत 'बरोबर'ची खूण येते. ती खूण बघून माणूस निर्धास्त होतो, हा या वस्तूचा सगळ्यात मोठा दोष आहे. मी त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली. आता आमचा नियम असा: शेवटचा घोट घेऊन पंधरा मिनिटं झाल्यावर एकदा, मग अर्ध्या तासाने पुन्हा. आकडा चढता असेल तर किल्ली नाही, मग तो कितीही कमी असो. दुचाकीवाल्याला शून्याशिवाय किल्ली नाहीच. मीटरच्या आकड्यावर मी नकार देतो. परवानगी मात्र त्याच्या एकट्याच्या भरवशावर कुणालाच देत नाही.

मुलीच्या रिसेप्शननंतर हे मीटर दुसऱ्या घरांच्या रिसेप्शनलाही नेलं. दुसरी गोष्ट त्यातल्या अंबाजोगाईच्या रिसेप्शनमधली, आणि ती मला जास्त लागली. आमचे आप्पा माळकरी, तीस वर्षं वारी चुकली नाही. पोरांनी आग्रह केला, 'आप्पा, तुम्ही बी फुंका.' फुंकले आणि ०.०९ आलं. पोरं हसली. आप्पांचा हात गळ्यातल्या माळेवर गेला आणि तिथेच राहिला. काकू धावत आल्या. जेवण झाल्या झाल्या त्यांनी दोन चमचे द्राक्षासव घेतलं होतं. आसव-अरिष्टात आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवरही तसं छापलेलं असतं. तोंडात राहिलेला तो अंश मीटरने पकडला होता. चूळ भरायला लावली, पंधरा मिनिटं बसवलं, ०.००. मी सगळ्यांसमोर तो आकडा मोठ्याने वाचला, दुसऱ्या दिवशी घरी जाऊन पाया पडलो. आप्पा 'जाऊ दे रे' म्हणाले. पण पोरांच्या हातात मीटर खेळायला द्यायचं नाही, हे तेव्हापासून पक्कं. पोरं एकमेकांत आकड्यांची शर्यतही लावतात, जास्त आला की टाळ्या पडतात. मीटर एकाच जाणत्या माणसाकडे हवं आणि आकडा त्यालाच दिसायला हवा.

आता 'कॅल'. कंपनीच्या ग्राहक सेवेला चार फोन केले. कळलं की दर सहा महिन्यांनी किंवा तीनशे वेळा फुंकल्यावर, जे आधी होईल ते. हे पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात आहे. मी त्यांना विचारलं, माझ्याकडे एकशे बारा वेळाच फुंकलं आहे. आषाढ ते कार्तिक आपल्याकडे मुहूर्त नसतात, चार महिने मीटर कपाटात पडून होतं. त्या चार महिन्यांचे पैसे मी का भरू? समोरच्या बाईंना चातुर्मास म्हणजे काय ते समजावण्यात एक फोन गेला. खर्च एकवीसशे पन्नास, कुरिअरचे एकशे ऐंशी वेगळे, मुदत अठरा दिवस. अर्ध्या किमतीत करा म्हटलं, नाही म्हणाले. वस्तूच्या किमतीच्या चौथाईहून जास्त! घेताना कोणी एका शब्दाने बोललं नव्हतं. मी चिडून वरच्या साहेबांना पत्रही लिहिलं. त्याचं उत्तर आजतागायत नाही.

पण आठवड्याभरात दुकानात वैधमापनवाले आले, माझ्या इलेक्ट्रॉनिक काट्याच्या वार्षिक पडताळणीला. माझा एक काटा यंदा तुरीच्या मंदीत जवळजवळ बंदच होता. तरी त्यावर शिक्का हवा, आणि तो मी दरवर्षी न कुरकुरता घेतो, कारण न वापरता पडलेला काटाही हलतो हे मला पंचवीस वर्षांच्या धंद्याने शिकवलं आहे. सेन्सरचं तसंच आहे. वापरा, न वापरा, तो हळूहळू सरकतो. ०.०२ आणि ०.०४ मध्ये कोणाचा तरी जीव असताना चुकीचा काटा मी डब्यावर कसा ठेवणार होतो? तेव्हा सहा महिन्यांची अट बरोबर आहे, हे मी मान्य करतो. राग आहे तो लपवाछपवीचा. खर्च खोक्यावर छापा, आणि 'कॅल' यायच्या पंधरा दिवस आधी स्क्रीनवर सूचना द्या. एवढं केलं असतं तर परभणीला आम्ही रिकाम्या हाताने गेलो नसतो.

परभणीचं मात्र सांगायलाच हवं. मीटर नव्हतं म्हणून तिथे बाकी सगळं दुप्पट काटेकोर केलं. काउंटर साडेनऊलाच बंद, पेग मापाने, जेवण आधी, आणि काउंटरवर एक तरी पेग घेतलेला दिसला की त्याची किल्ली सकाळपर्यंत डब्यात. चिठ्ठी लावलेल्या सतरा किल्ल्या रात्रभर यजमानांच्या देवघराशेजारी होत्या. सकाळी चहाला येऊन लोक आपापली किल्ली घेऊन गेले. कोणी भांडलं नाही. सातांपैकी सगळ्यात शांत रिसेप्शन ते होतं. मी मीटर विकून टाकायच्या विचारात होतो.

विकलं नाही. जानेवारीत नांदेडला एक जण 'मी फक्त दोनच घेतले' म्हणत बायको-लेकरांना घेऊन गाडीत बसत होता, किल्लीही दुसरी, खिशातली. त्याला ०.०८ दाखवल्यावर त्याच्या बायकोने ती किल्ली हातातून काढून घेतली. त्या आकड्याशिवाय तिचं ऐकलं गेलं नसतं.

किरकोळ बाबी: फुंकण्या पेटीत पाचच येतात, नंतर एक बारा रुपयांना. माणसागणिक नवीनच वापरा, उकळून पुन्हा वापरायचा मोह मला झाला होता, वाफेने त्या वाकड्या होतात. मे महिन्यात मीटर बंद गाडीत ठेवू नका. बटण जास्त वेळ दाबलं तर एकक बदलतं आणि आकडा भलताच दिसतो, तेवढं बघून घ्या.

कॅलिब्रेशनचा खर्च सात घरांनी वाटून घेतला, प्रत्येकी तीनशे तेहतीस. मीटर डिसेंबरच्या सुरुवातीला परत आलं, म्हणजे जूनच्या सुरुवातीपर्यंत चालेल, मेचे सगळे मुहूर्त त्यात बसतात. मग चातुर्मासभर सेल काढून कपाटात, आणि आश्विनात, तुळशीच्या लग्नाच्या वीस दिवस आधी, कुरिअरला. पोह्यांच्या डब्याच्या झाकणावर आतून तारीख लिहून ठेवली आहे.