गाडीवरील किड्यांच्या डागांसाठी बग रिमूव्हर : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कामानिमित्त मला जवळजवळ दर आठवड्याला समृद्धी महामार्गाने छत्रपती संभाजीनगरहून नागपूरला जाऊन यावे लागते. या महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे आणि दोन्ही बाजूंना शेते आहेत. त्यामुळे पावसाळ्यात दिवस मावळताना जालना मागे पडले की चिलटे, पतंग, तुडतुडे आणि पहिल्या पावसानंतर जमिनीतून बाहेर पडणारे वाळवीचे पंखवाले किडे यांचा काचेवर आणि बंपरवर अक्षरशः सडा पडतो. हे डाग काढण्यासाठी मी गेल्या जूनमध्ये बग रिमूव्हरची ५०० मिलीलिटरची फवाऱ्याची बाटली ३५० रुपयांना घेतली. आता जानेवारी संपत आला आहे आणि तिसरी बाटली सुरू आहे.

त्याआधी मी काय करत होतो, हे सांगणे आवश्यक आहे. एका वॉशिंग सेंटरवर माझ्या गाडीचा बंपर आणि हेडलाइट भांडी घासायच्या हिरव्या घासणीने घासले गेले. किडे निघाले, पण हेडलाइटच्या प्लास्टिकवर बारीक ओरखड्यांचे जे जाळे उमटले ते आजही रात्री प्रकाशात दिसते. किड्याचे कवच कडक असते आणि अंगातला रस प्रथिनयुक्त असल्यामुळे उन्हात सुकून रंगाला सरसासारखा चिकटतो. तो कोरडा असताना घासला, तर कवचाचे कण आणि त्यावर बसलेली धूळ हीच पॉलिशपेपरसारखी रंगावर फिरते. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ असतो, हे समजल्यापासून माझ्या गाडीला कोणालाही घासणी लावू देत नाही.

पहिल्या महिन्यात या द्रावणाबद्दल माझे मत चांगले नव्हते. बाटलीवर लिहिल्याप्रमाणे फवारून दोन मिनिटांनी पुसले, की ताजे डाग निघत. परंतु आदल्या रात्रीचे डाग तसेच राहत आणि पुन्हा जोर लावावा लागे. नंतर मी पद्धत बदलली. आधी सावलीत गाडी उभी करून बॉनेटला हात लावून ते थंड झाले आहे याची खात्री करतो. मग जुना सुती टॉवेल पाण्यात पूर्ण भिजवून बॉनेटच्या पुढच्या कडेवर आणि बंपरवर दहा-पंधरा मिनिटे पसरून ठेवतो. टॉवेल काढल्यावर निम्म्याहून अधिक किडे पाण्याच्या साध्या धारेने वाहून जातात, आणि जे उरतात त्यांच्यावरच द्रावण फवारून मऊ मायक्रोफायबर फडक्याने एकाच दिशेने, न दाबता पुसतो. पूर्वी एका वेळेला ८०-९० मिलीलिटर द्रावण लागे, आता ३० मिलीलिटरमध्ये काम होते. भिजवणे हेच खरे काम आहे आणि द्रावण त्याला फक्त मदत करते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

दोन चुका माझ्याकडून झाल्या. सप्टेंबरमध्ये भर दुपारी तापलेल्या गाडीवर फवारणी केली आणि फोन आला म्हणून तशीच सोडली. द्रावण सुकले आणि काचेखालच्या काळ्या, रंग न दिलेल्या प्लास्टिकवर पांढुरके ओघळ उमटले, जे अजून पूर्ण गेलेले नाहीत. हे द्रावण अल्कधर्मी असल्याने अशा प्लास्टिकवर, हेडलाइटवर आणि हेल्मेटच्या काचेवर मी ते आता वापरतच नाही; तिथे ओले फडके आणि थोडा गाडीचा शॅम्पू पुरतो. दुसरी चूक दिवाळीतली. नाकतोड्याचा एक मोठा डाग चार दिवस उन्हात तसाच राहिला. डाग निघाला, पण त्याच्या कडेचे कडे क्लिअर कोटमध्ये उतरले होते. नखाला ते लागत नाही, मात्र तिरप्या उजेडात दिसते. पॉलिशने ते फिकट झाले, नाहीसे झाले नाही, आणि कोणत्याही बग रिमूव्हरने ते होणारही नाही, कारण तो आता डाग नसून रंगाला झालेली इजा आहे.

काचेवर मात्र द्रावण उत्तम चालते. चालत्या गाडीत कोरड्या काचेवर वायपर फिरवला तर किड्यांमधली चरबी सर्वत्र पसरते आणि समोरून येणाऱ्या ट्रकच्या उजेडात काही क्षण काहीच दिसत नाही, हा धोका मी स्वतः अनुभवला आहे. म्हणून निघण्यापूर्वी वायपरचे रबरही याच द्रावणाच्या फडक्याने पुसून साध्या पाण्याने धुतो. आमच्या बोअरवेलच्या पाण्यात क्षार फार आहेत, त्यामुळे शेवटी गाडी कोरडी पुसली नाही तर किड्यांचे डाग जाऊन क्षारांचे ठिपके राहतात.

नोव्हेंबरपासून महिन्यातून एकदा बॉनेट, बंपर आणि आरशांच्या पुढच्या बाजूला वॅक्स लावू लागलो. तेव्हापासून बहुतेक डाग टॉवेलनेच सुटतात. हिवाळ्यात किडे मुळातच कमी असतात, हे लक्षात घेऊनही फरक जाणवण्याइतका आहे. पुढच्या पावसाळ्यात त्याची खरी परीक्षा होईल. रेडिएटरच्या जाळीत अडकलेल्या किड्यांसाठी मी द्रावण वापरत नाही. त्यावर प्रेशर पंप जवळून मारला तर पातळ पाती वाकतात, म्हणून नळीने हलकी धार देतो.

शहरातल्या शहरात गाडी चालवणाऱ्यांनी ३५० रुपये खर्च करण्याची गरज मला वाटत नाही. त्यांना ओला टॉवेल आणि शॅम्पू पुरेसा आहे. संध्याकाळनंतर महामार्गावर नियमित जाणाऱ्यांनी मात्र ही बाटली, एक टॉवेल आणि पाण्याचा पाच लिटरचा कॅन डिकीत ठेवावा. मी नागपूरला पोहोचल्यावर त्याच रात्री, जेवायला बसण्यापूर्वी, टॉवेल भिजवून बॉनेटवर टाकतो.