गॅरेजमधले तेलकट पार्ट धुवायला काय घ्यावं: ट्रे, सॉल्व्हंट सिंक, गरम पाण्याचं कॅबिनेट की अल्ट्रासोनिक?

यंत्र बघायच्या आधी आठवडाभर एका वहीत लिहून ठेवा: कोणते पार्ट धुतले, कशाचे होते (बीड, पोलाद की ॲल्युमिनियम) आणि मळ कसला होता. ओलं ग्रीस आणि माती, भाजून चिकटलेलं तेल आणि कडक कार्बन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्ही काढणारं एकच यंत्र नसतं. विक्रेता आहे म्हणाला, तर त्याला तुमच्या गॅरेजमधलं, व्हॉल्व्ह सीटवर काजळी बसलेलं इंजिनाचं हेड धुऊन दाखवायला सांगा.

पत्र्याचा ट्रे, ब्रश आणि डिझेल किंवा रॉकेल ही पद्धत ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईच्या कळंबोलीपर्यंत सगळीकडे दिसते, आणि ती अगदीच टाकाऊ नाही. ओलं ग्रीस निघतं आणि पार्टवर तेलाचा पातळ थर राहतो, म्हणून गंज धरत नाही. बेअरिंग आणि गिअरसाठी हे चांगलंच. अडचण आगीची आहे. डिझेलच्या फ्लॅश पॉइंटची, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते त्याची, किमान मर्यादा 35 अंश सेल्सिअस आहे. मे महिन्यात ठाण्यात पत्र्याच्या शेडखाली पारा त्याच्या आसपास असतो, त्यामुळे ‘डिझेल पेट घेत नाही’ यावर विसंबू नका. पेट्रोल तर नकोच. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत कॉम्प्रेसरच्या स्विचपर्यंत किंवा गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात (पिटमध्ये) जाते. शिवाय हातमोजे न घालता रोज डिझेलमध्ये हात घातले की कातडी फाटते.

सॉल्व्हंट सिंक ही याचीच सुधारलेली आवृत्ती: खाली 200 लिटरचा ड्रम, वर सिंक, आणि पंपाने ब्रशमधून वाहणारं सॉल्व्हंट, म्हणजे तेल-ग्रीस विरघळवणारा द्रव. घाण तळाशी बसते, पंप वरच्या थरातलं सॉल्व्हंट ओढतो, म्हणून तेच 60-70 लिटर बरेच दिवस चालतं. सॉल्व्हंट 60 अंशांच्या वर फ्लॅश पॉइंट असलेलंच घ्या. ते सावकाश सुकतं, हवा मारावी लागते, पण वास कमी आणि धोकाही कमी. बेअरिंगला हवा मारताना मात्र ते फिरू देऊ नका; तेल नसताना वेगात फिरलं की गोळ्या आणि त्या ज्यावर फिरतात त्या कड्या (रेस) खराब होतात.

या सिंकमध्ये पैसे वाचवायला लोक नेमका पंपच चुकीचा बसवतात. कूलरचा पंप स्वस्त मिळतो, पण त्याचे सील आणि प्लास्टिक पाण्यासाठी असतात. सॉल्व्हंटमध्ये ते फुगतात, वायरचं आवरण कडक होऊन तडकतं, आणि ज्वलनशील द्रवात उघडी वायर राहते. हवेवर चालणारा डायफ्राम पंप घ्या. कॉम्प्रेसर गॅरेजमध्ये असतोच. झाकणाला फ्युजिबल लिंक हवी, म्हणजे आत आग लागली तर लिंक वितळून झाकण आपोआप पडतं. ब्रेक कॅलिपरचे रबरी सील सॉल्व्हंटमध्येही टाकू नका आणि डिझेलमध्येही. ते फुगतात आणि ब्रेक अडकतो.

गरम पाण्याचं कॅबिनेट म्हणजे भांडी धुण्याच्या यंत्राचा दांडगा भाऊ. फिरत्या जाळीवर पार्ट ठेवायचे, चहूबाजूंनी 60-70 अंशांच्या पाण्याचे फवारे, पाण्यात 2 ते 4 टक्के अल्कलाइन पावडर, आणि 15-20 मिनिटांत गिअरबॉक्सचं केसिंग हाताला तेल लागणार नाही इतकं स्वच्छ. भाजलेलं तेल काढायला चौघांत हेच सरस. पण त्याचे नखरे आधी समजून घ्या.

पहिली गोष्ट विजेची. 150 लिटर पाणी 30 वरून 65 अंशांवर न्यायला सुमारे 6 युनिट लागतात. 6 किलोवॅटच्या हीटरला त्यासाठी तास लागतो, टाकीला इन्सुलेशन नसेल तर अजून जास्त. सिंगल फेजवर हा हीटर 26 अँपिअर ओढतो, वर पंप वेगळा. म्हणजे थ्री फेज हवंच. यंत्र बुक करायच्या आधी महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार बघा. दिवसाला दोनच पार्ट धुणार असाल तर पाणी तापवण्यातच पैसे जातील.

दुसरी गोष्ट रसायनाची. कॉस्टिक सोडा असलेली पावडर बीड आणि पोलादावर जोरदार चालते, पण ॲल्युमिनियमला खाते. पार्टमधून हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, पृष्ठभाग काळा पडतो आणि घासलं तरी मूळ रंग येत नाही. हल्लीची बहुतेक हेड ॲल्युमिनियमची आहेत, म्हणून मिश्र काम असेल तर ॲल्युमिनियमला चालणारी, कमी फेसाचीच पावडर भरा. साध्या कपड्याच्या पावडरीने फेस इतका होतो की पंप हवा ओढू लागतो आणि फवारा मरतो.

तिसरी गोष्ट रोजच्या शिस्तीची. रात्रभरात तेल वर तरंगतं. सकाळी पंप सुरू करायच्या आधी ते काढून घ्यायचं. आधी पंप सुरू केला तर ते तेल पाण्यात पुन्हा घुसळलं जातं आणि धुतलेल्या पार्टवर चिकट थर येतो. मग पावडरीला दोष दिला जातो. जून ते सप्टेंबरमध्ये पोलादी पार्ट बाहेर काढताच हवा मारून तेल लावा, नाहीतर जेवून येईपर्यंत पिवळट गंज दिसेल.

अल्ट्रासोनिक, म्हणजे पाण्यात अतिवेगवान कंपनं सोडून मळ सोडवणारी टाकी, लहान, गुंतागुंतीच्या पार्टसाठी आहे: कार्बोरेटर, इंजेक्टर, बारीक जेट. 40 किलोहर्ट्झची 10 लिटरची टाकी पुरते. तिचा हीटर साधारण 250 वॅटचा असतो, त्यामुळे 60 अंशांवर यायला जवळजवळ दीड तास लागतो. गरम पाणीच ओता. आधी 10 मिनिटं नुसतीच चालवून पाण्यातली हवा निघू द्या. पार्ट नेहमी टोपलीत ठेवा, तळाला टेकवू नका. आत पेट्रोल, थिनर कधीही नको. विकत घेताना दुकानातच परीक्षा घ्या: स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल मिनिटभर पाण्यात उभी धरा. सगळीकडे सारखी भोकं पडली तर ठीक. एकाच पट्ट्यात पडली, तर कंपनं देणारे बाकीचे ट्रान्सड्यूसर झोपलेले आहेत. ग्रीसने माखलेला पार्ट मात्र यात थेट टाकू नका, पाणी तासाभरात काळं होईल. आधी सिंकमध्ये धुवा. एप्रिल 2020 पासून विकली जाणारी वाहनं बीएस 6 या प्रदूषण मानकाची आहेत आणि दुचाकीही बहुतेक कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनच्या, म्हणून कार्बोरेटरसाठीच घेणार असाल तर दोनदा विचार करा. इंजेक्टर स्वच्छ झाला की नाही हे स्प्रे तपासणीच्या बेंचशिवाय कळत नाही.

प्रेशर वॉशर इंजिन बाहेरून धुवायला ठीक, सुट्या पार्टसाठी नको. तेल भिंतीवर उडतं आणि गटारात जातं.

हा गटाराचा मुद्दा निवडीत सहसा कोणी धरत नाही. कॅबिनेटचं पाणी बदललं की 150 लिटर द्रव एकदम हाती येतो. वरून तेल दिसत नसलं तरी ते पाण्यात मिसळलेलं असतं, आणि इथले नाले खाडीत जातात. वापरलेलं सॉल्व्हंट, हे पाणी आणि तळाचा गाळ धोकादायक कचऱ्यात येतो. गाळ आणि पाणी अधिकृत संस्थेकडेच द्यावं लागतं. तळोज्याला त्याची सामायिक सुविधा आहे. काळ्या (वापरलेल्या इंजिन) ऑइलच्या पिंपात सॉल्व्हंट ओतू नका, नाहीतर रिसायकलर ते पिंप घेणार नाही.

आमचा कौल असा: सर्व्हिस आणि किरकोळ दुरुस्ती करणाऱ्या लहान गाळ्याला सॉल्व्हंट सिंक पुरे. दुचाकींचं काम जास्त असेल तर जोडीला 10 लिटरचं अल्ट्रासोनिक. कॅबिनेट घ्यावं ते ट्रक-टेम्पोची इंजिनं आणि गिअरबॉक्स रोज खोलणाऱ्यांनी, म्हणजे तुर्भे, महापे किंवा कळंबोलीच्या मोठ्या शेडवाल्यांनी. घेताना तीन गोष्टी बघा: टाकी एसएस 304 या स्टेनलेस स्टीलची आहे का, पाणी कमी झालं की हीटर आपोआप बंद होतो का, आणि ड्रेनचा व्हॉल्व्ह तळाच्या सगळ्यात खालच्या बिंदूवर, निदान दीड इंची आहे का. अर्धा इंची असेल तर गाळ हाताने खरवडून काढावा लागतो.