तरंगणारा पृथ्वीगोल : खोक्यावरचा दावा आणि काट्यावरचे वजन

गेल्या उन्हाळ्यात जळगावच्या एका भेटवस्तूंच्या दुकानातून मी नातवासाठी चुंबकावर तरंगणारा पृथ्वीगोल २,४०० रुपयांना घेतला. १४ सेंटिमीटर व्यासाचा आणि आतून उजळणारा हा प्लॅस्टिकचा गोल काळ्या बैठकीच्या वर सुमारे दीड सेंटिमीटर अधांतरी राहतो आणि हलकी टिचकी मारली की बराच वेळ फिरत राहतो. वस्तू मला आवडली, हे आधीच सांगतो. माझी हरकत आहे ती खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेल्या ‘गुरुत्वाकर्षणापासून मुक्त’ या शब्दांना. दुकानदारानेही तेच ऐकवले : ‘‘सर, याला गुरुत्वाकर्षण लागूच होत नाही.’’ आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे ऐकून गप्प बसवत नाही.

दावा तपासायला काटा पुरेसा होता. ओळखीच्या सराफाने आपल्या नाजूक काट्याजवळ चुंबक आणू देण्यास नकार दिला (त्याचे बरोबरच होते), म्हणून मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो आणि काट्यावर जाड लाकडी फळी ठेवून वजने घेतली. नुसती बैठक ६१० ग्रॅम भरली, नुसता गोल १६० ग्रॅम आणि गोल तरंगत असताना दोन्ही मिळून ७७० ग्रॅम. म्हणजे गोलाचे वजन कुठेही गेलेले नाही. बैठक त्याला जितक्या जोराने वर ढकलते, तितक्याच जोराने तो बैठकीला खाली दाबतो. हा भार बैठकीतले कायमचुंबकाचे कडे पेलते. मात्र केवळ स्थिर चुंबकांच्या बळावर एखादी वस्तू हवेत स्थिर राहू शकत नाही, हे ब्रिटिश गणितज्ञ सॅम्युएल अर्नशॉ यांनी १८४२ मध्येच दाखवले होते. म्हणून गोल जरा कलला की संवेदक ते टिपतात आणि भोवतालची विद्युतचुंबके त्याला क्षणार्धात मध्यावर आणतात. अभियांत्रिकी म्हणून हे सुरेखच आहे.

आता खोक्यावरचे शब्द खरे असते, तर काय झाले असते? मे महिन्यातल्या जळगावच्या हवेचे वजन घनमीटरला सुमारे १.१ किलो असते आणि हा गोल जवळपास १.४ लिटर हवा बाजूला सारतो. त्या हवेवर गुरुत्वाकर्षण चालूच असल्यामुळे ती गोलाला दीड ग्रॅम वजनाइतक्या बळाने वर रेटेल. शिवाय पृथ्वी फिरते आहे. आपल्या २१ अंश अक्षांशावर जमीन आणि तिच्यावरचे सारे काही सेकंदाला सुमारे ४३४ मीटर वेगाने पूर्वेकडे धावत असते. आपण तिच्यासोबत वळतो ते गुरुत्वाकर्षण आपल्याला धरून ठेवते म्हणून, आणि ज्याला ते धरत नाही तो सरळ रेषेत निघून जातो. निर्वात जागेतही असा गोल पहिल्या मिनिटात पन्नासेक मीटर वर गेला असता. दोन्ही कारणे एकत्र धरून मी हिशेब केला, तेव्हा असे दिसले की माझ्या टेबलावरून सुटलेला गोल साडेपाच सेकंदांत दोन मीटर चढून, जवळपास वीतभर दक्षिणेला सरकून, छताला टेकला असता. पंखा बंद आहे असे यात गृहीत धरले आहे, जे जळगावच्या मे महिन्यात गुरुत्वमुक्त गोलाइतकेच काल्पनिक आहे.

मुक्ती पूर्ण मानली, तर सूर्याची ओढही गेली. मग सूर्याकडे सतत वळत राहणाऱ्या पृथ्वीपासून तो सूर्याच्या विरुद्ध दिशेनेही सुटू पाहील. परिणाम थोडा आहे, पण गमतीचा : सूर्य डोक्यावर असताना गोलाचे वर जाणे किंचित मंदावेल आणि मध्यरात्री ते किंचित वाढेल. वजन गेले तरी वस्तुमान मात्र कायम राहील, त्यामुळे हा गोल कुणी फेकून मारलाच तर कपाळावर टेंगूळ नेहमीएवढेच येईल. गुरुत्वाकर्षणमुक्त वस्तू म्हणजे कापूस नव्हे, एवढे तरी मुलांना समजले पाहिजे.

अशी वस्तू निसर्गात सापडलेली नाही. ज्यांच्या घराण्याचा चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखामुळे आपल्या खान्देशाशी संबंध जुळतो, त्या भास्कराचार्यांनी ११५० मधल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पृथ्वीच्या आकर्षणशक्तीमुळे जड वस्तू तिच्याकडे ओढली जाते असे म्हटले आहे, त्यात अपवाद शोधणाऱ्यांच्या हाती आजवर काही लागलेले नाही. प्रतिद्रव्य (नेहमीच्या कणांच्या उलट विद्युतभार असलेल्या कणांचे द्रव्य) कदाचित वर जाईल अशी काहींना आशा होती, पण २०२३ मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या प्रयोगात प्रतिहायड्रोजन, म्हणजे अशा कणांचा हायड्रोजनही, खालीच पडताना आढळला. आणि ही मुक्ती बटणाने चालू-बंद करता आली असती, तर पाणी फुकटात वर चढवून खाली सोडत राहिलो असतो आणि दीपनगरच्या वीज केंद्राला कोळसाच लागला नसता.

वापराबद्दल थोडे. गोल नेमक्या जागी टेकवायला पहिल्या दिवशी मला अर्धा तास लागला. त्यात दोन वेळा तो बैठकीला फट्कन चिकटला. माहितीपत्रकात मराठीच काय, धड इंग्रजीही नाही. वीज गेली की गोल त्याच क्षणी खाली येतो, आणि आमच्या भागात ती सांगून जात नाही; दक्षिण अमेरिकेच्या टोकाला पडलेला टवका हा अशाच एका संध्याकाळचा आहे. त्यामुळे इन्व्हर्टरची जोडणी असलेल्या जागीच तो ठेवावा, आणि मोबाइल किंवा बँकेचे कार्ड त्याच्या शेजारी ठेवू नये.

किंमत थोडी जास्त वाटली तरी, मुलांना क्रिया-प्रतिक्रिया शिकवायला याहून चांगले साधन मी बाजारात पाहिलेले नाही, म्हणून पाचपैकी चार तारे देतो. एक तारा खोक्यावरच्या मजकुरासाठी कापला आहे. हे मी दुकानदाराला सांगितले आणि काट्यावरचे आकडेही दाखवले, तेव्हा तो म्हणाला, ‘‘सर, मग खोक्यावर काय लिहू?’’ मी म्हटले, ‘चुंबकावर तरंगतो’ एवढे लिहा, तेवढ्यानेही माणूस थांबून बघतो.