मूळ पुस्तक घराबाहेर देऊ नका: जुन्या फियाटच्या मॅन्युअलांच्या नावाखाली झालेली फसवणूक

जुन्या फियाट आणि पद्मिनी गाड्या बाळगणाऱ्यांना सध्या एका माणसाचे फोन जात आहेत. "क्लबचं काम आहे, तुमचं वर्कशॉप मॅन्युअल फुकट स्कॅन करून देतो, फक्त मूळ प्रत पाठवा," असं तो सांगतो. वर्कशॉप मॅन्युअल म्हणजे गाडी दुरुस्तीचं कंपनीचं पुस्तक. अशा गाड्या बाळगणाऱ्यांच्या आमच्या गटातल्या बऱ्याच जणांच्या प्रती त्याने अशाच नेल्या आणि वर पैसेही घेतले. तो नाव आणि नंबर बदलत असतो, त्यामुळे नाव कळून काही उपयोग नाही. त्याची पद्धत मात्र ओळखता येते, म्हणून सगळा प्रकार सविस्तर लिहितो आहे.

ज्यांच्याकडे अशी गाडी नाही त्यांना वाटेल, एका जुन्या पुस्तकासाठी एवढं काय? कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बाहेर पडू लागली. पुढे तीच प्रेसिडेंट झाली आणि 1974 मध्ये पद्मिनी. 1089 सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर हे बहुतेक काळ तेच राहिलं, पण आतल्या गोष्टी बदलत गेल्या. गाडीत वीज तयार करायला आधी डायनॅमो असे, पुढे अल्टरनेटर आला; डायनॅमोवाल्या गाडीचं वायरिंग निराळं, अल्टरनेटरवालीचं निराळं. कोणत्या वर्षीच्या गाडीला कोणता भाग बसतो, कोणता नट किती ताणायचा, हे कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये आणि पार्ट्स कॅटलॉगमध्येच सापडतं. गाडी बंद होऊन दोन दशकं उलटली. ज्या मिस्त्रींना हे तोंडपाठ होतं ते एकेक करून गेले. मुंबईची शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर 2023 मध्ये वयोमर्यादा संपून रस्त्यावरून उतरली.

म्हणून आमच्या गटाने पुस्तकं स्कॅन करून सगळ्यांना मोकळी करायचं ठरवलं. पुणे, नाशिक, कोल्हापूर, मडगाव, जिथे जिथे मंडळी आहेत तिथे ज्याच्याकडे जे असेल ते त्याने द्यायचं. निवृत्त लोकच जास्त. कोणी अनुक्रमणिका टाइप करत होतं, कोणी दोन आवृत्त्यांमधले फरक तपासत होतं. कामाला खरी गती आली होती.

अडचण वायरिंगच्या नकाशाची होती. तो घडीचा, मोठा कागद असतो. घरच्या स्कॅनरवर तो तुकड्यांत घ्यावा लागतो आणि जोडताना नेमक्या तारा सुटतात. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सचा तर उपयोगच नाही, कारण तारांचे रंग दाखवलेले असतात आणि रंग गेला की नकाशा मुका होतो. नेमकं हेच बोट धरून हा गृहस्थ आत शिरला.

त्याला विषय येतो, हे आधी ध्यानात घ्या. डिलाइट आणि प्रेसिडेंटमधला फरक तो न अडखळता सांगतो. वरून छायाचित्र घेणारा मोठा स्कॅनर आपल्याकडे आहे, बाइंडिंग न उसवता 400 डीपीआयमध्ये, म्हणजे बारीक अक्षरही स्पष्ट येईल अशी, रंगीत पानं निघतात, परदेशातला एक मालकांचा क्लब निम्मा खर्च उचलतो आहे, असं त्याने सांगितलं. नमुन्याची पानं पाठवली. ती खरोखरच देखणी होती. त्यातल्या एका चित्रात मात्र स्टिअरिंग डावीकडे होतं. एकाने विचारलं तेव्हा उत्तर आलं, "कुर्ल्याने तुरिनचीच चित्रं छापली होती ना, साहेब." (तुरिन म्हणजे इटलीतलं फियाटचं मूळ गाव.) हे उत्तर पटण्यासारखं होतं, आणि धोका तिथेच आहे. ती पानं त्याने स्वतः स्कॅन केलेली नव्हती. परदेशी मालकांनी आपापसांत फुकट वाटलेल्या फाइलींतून ती उचलली होती, हे नंतर कळलं.

मग प्रती मागवायला सुरुवात झाली. प्रत्येक पुस्तकामागे कुरिअरचा विमा म्हणून दीड हजार रुपये, "परत मिळणारे". रकमा एका खात्यावर नाही, दर वेळी वेगळ्या यूपीआय आयडीवर. पावती लेटरहेडवर, त्यावर क्लबचं चिन्ह, पण संस्थेचा नोंदणी क्रमांक नाही. पत्ता विचारला की कुरिअरच्या ऑफिसचा पत्ता, "मीच येऊन घेतो" म्हणून.

गटातल्या एका काकूंकडे फार जपलेली प्रत होती. त्यांचे यजमान तीस-पस्तीस वर्षं एकच डिलाइट चालवत होते आणि पुण्यात नाना पेठेतल्या एका चाचांकडेच काम करून घेत. चाचा पुस्तक उघडं ठेवून काम करायचे. गिअरच्या दांड्यांच्या पानावर त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं : "बुश झिजला की दुसरा अडकतो. आधी इथे बघ." (दुसरा म्हणजे दुसरा गिअर; बुश म्हणजे दांड्याच्या सांध्यातली छोटी नळी.) शेजारी ग्रीसचा अंगठा. काकू प्रत द्यायला तयार नव्हत्या. त्या माणसाने त्यांना स्वतः फोन केला. "काकू, काकांचं नाव पहिल्या पानावर टाकू, सगळ्या देशात जाईल." एका बाईच्या आठवणीला हात घालून पुस्तक काढून घेतलं, याचा मला आजही पैशांपेक्षा जास्त संताप आहे.

त्यानंतर कारणं सुरू झाली. स्कॅनरची काच तडकली, आई दवाखान्यात आहे, परदेशी क्लबचे पैसे बँकेत अडकलेत. अधूनमधून चार-दोन पानं यायची, म्हणजे काम चालू आहे असं वाटावं. शेवटी निरोप आला की क्लबने हात वर केलेत, पुस्तक परत हवं असेल तर "हाताळणीचे" चार हजार भरा. काहींनी तेही भरले. पुस्तकं आली नाहीत.

थोड्याच दिवसांत आमच्यातल्या एकाला पद्मिनीच्या मॅन्युअलची पीडीएफ विकत घ्या म्हणून निरोप आला. प्रकरणागणिक दर, फाइलला पासवर्ड. नमुना म्हणून एक पान, त्यावर आडवा मोठा शिक्का. शिक्क्याखाली पेन्सिलीचं अक्षर दिसत होतं आणि ग्रीसचा अंगठाही. काकूंना पान दाखवलं. "अरे, हे आमचंच. चाचांचं अक्षर मी कुठेही ओळखेन," एवढंच त्या म्हणाल्या.

मूळ प्रती वेगळ्या विकल्या जात आहेत. त्यांना भाव का आला असावा, याचं माझ्या मते एक कारण आहे. जुलै 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूप राखलेली गाडी असेल तर नंबरात "व्हीए" अक्षरांची वेगळी मालिका मिळते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये फी आहे. डिलाइट आणि प्रेसिडेंट आता या वयात बसतात, सुरुवातीच्या पद्मिनीही बसू लागल्या आहेत. गाडी मूळ रूपात आहे हे दाखवायचं तर कंपनीचे कागद हाताशी असलेले बरे, आणि गाडी विकताना सोबत मूळ पुस्तक असलं की किंमत वाढते.

त्याला जाब विचारला तेव्हा त्याने उलट नोटिशीची भाषा केली, "स्कॅनचा कॉपीराइट माझा आहे." याने घाबरून जाऊ नका. दुसऱ्याचं पुस्तक स्कॅन केल्याने त्यातल्या मजकुराचा हक्क स्कॅन करणाऱ्याकडे जात नाही. आणि तुमची प्रत ही तुमची वस्तू आहे, ती परत न करणं हा निराळा गुन्हा.

पोलिसांकडे पहिल्यांदा "हा तुमचा आपसातला व्यवहार, दिवाणी बाब आहे" असंच ऐकू आलं. आमच्यातले एक निवृत्त वकील सोबत होते, त्यामुळे निभावलं. परत करण्याच्या बोलीवर सोपवलेली वस्तू हडप करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खालचा विश्वासघात आहे आणि खोटं सांगून पैसे उकळणं ही कलम 318 खालची फसवणूक. 1 जुलै 2024 च्या आधीचा व्यवहार असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं 406 आणि 420 लागतात. तुम्ही कोल्हापुरात आणि आरोपी भलत्याच शहरात असला तरी झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता घेतली जाणारी तक्रार, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. आज हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर कलम 173 दाखवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं. पैसे गेल्याचं लक्षात येताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उद्यावर टाकू नका. रक्कम पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी तक्रार पोचली तर ती गोठवता येते. आमच्यातल्या एका तरुण मुलाने त्याच दुपारी फोन केला आणि फक्त त्याचीच रक्कम थांबली.

स्कॅनिंग आम्ही थांबवलेलं नाही. फरक एवढाच की आता पुस्तक कुठेही जात नाही, माणसं पुस्तकाकडे जातात. एक स्टँड, त्यावर कॅमेरा, दोन बाजूंना दिवे आणि पान सपाट ठेवायला काच, एवढं सामान डिकीत मावतं. मालकाच्या घरी, त्याच्या डोळ्यांसमोर पानं घ्यायची. घडीचा नकाशा जमिनीवर पसरून एकाच फोटोत, शेजारी पट्टी ठेवून. उठण्याआधी फाइली मालकाच्या पेनड्राइव्हवर आणि गटातल्या आणखी दोघांकडे. यात वेळ जातो, रविवार मोडतो, पण कोणी फाइल अडवून बसू शकत नाही. ज्या क्लबाचं काम खरं आहे त्याला ही पद्धत कधीच अडचणीची वाटणार नाही. "घरी येऊन करा" म्हटल्यावर जो शंभर कारणं सांगतो, त्याचा फोन तिथेच ठेवा.

पुस्तक स्कॅनला काढण्याआधी प्रत्येकाने त्यातल्या खुणांचे फोटो काढून ठेवावेत : मालकाची सही, गॅरेजचा शिक्का, फाटलेला कोपरा, डाग, हाताने लिहिलेलं काही. आमच्या तक्रारीत सगळ्यात भक्कम पुरावा चाचांची ती पेन्सिलीची ओळच ठरली आहे.

तपास चालू आहे. तुमच्यापैकी कोणी पासवर्डवाली अशी पीडीएफ विकत घेतली असेल, तर व्यवहाराचा यूपीआय क्रमांक आणि मूळ फाइल पुसू नका. आणि गिअरच्या पानावर वरची ओळ लिहिलेली छापील प्रत कुठे विकायला दिसली, तर विक्रेत्याला न डिवचता फोटो घ्या आणि जवळच्या पोलीस ठाण्यात द्या. ती काकूंची आहे.