सीलबंद रेकॉर्डचा धडा साडेनऊ हजारांना

बीटल्सच्या स्वतःच्या रेकॉर्ड्स माझ्याकडे मोजक्याच आहेत. मी जमवतो ती त्यांची गाणी इतरांनी गायलेली, वाजवलेली. काउंट बेसीच्या बँडने १९६६ साली वाजवलेली आहेत, लायबाख या बँडने १९८८ मध्ये 'लेट इट बी' हा जवळजवळ अख्खा अल्बम (शीर्षकगीत वगळून) लष्करी थाटात केला तोही आहे. 'जानवर' सिनेमातलं, बीटल्सच्या 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड'च्या चालीवरचं 'देखो अब तो' मी यातच धरतो, त्यावरून घरात वाद आहेत.

एक रेकॉर्ड मात्र बरीच वर्षं हुलकावणी देत होती. 'मॅक्लेमोर अ‍ॅव्हेन्यू'. बुकर टी अँड द एमजीज ही मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओची घरची मंडळी. १९६९च्या सप्टेंबरात बीटल्सचा 'अ‍ॅबी रोड' आला आणि १९७० मध्ये यांनी त्यातली बरीचशी गाणी शब्दांविना वाजवून अल्बम काढला. कव्हरवर बीटल्ससारखेच चौघं रस्ता ओलांडताहेत, फक्त रस्ता स्टॅक्सच्या दारातला. मला १९७० सालचीच प्रत हवी होती, आणि हे मी चार ठिकाणी बोलून ठेवलं होतं. तिथंच चुकलो.

एके दिवशी फोन आला. "दादा, तुम्ही शोधताय ती आहे माझ्याकडे. सीलबंद." माणूस जाणकार वाटला. जॉर्ज बेन्सननेही 'अ‍ॅबी रोड'वर अल्बम केलाय हे त्याने आपणहून सांगितलं. अर्धा तास गप्पा झाल्या. इतक्या आवडीने ऐकणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असं माझं गणित. भाव साडेनऊ हजार. दोन हजार टोकन, उरलेले कुरियरची पावती दिसल्यावर. पावती खरीच आली.

कण्याचा, म्हणजे कव्हरच्या बारीक कडेचा फोटो मी मागितला होता. तिथे नाव आणि एसटीएस-२०२७ हा क्रमांक असायला हवा. फोटोत कडा पांढरी फटक. "उन्हाने उडालंय, दादा." पन्नास वर्षांची वस्तू, उडालं असेल, असं मीच मला समजावलं. वर त्याने बजावलं, "सील फोडू नका हं, किंमत निम्मी होईल."

झालं. मी ती तीन महिने कपाटात पुजली. एरवी चोर बाजारात वीस रुपयांची रेकॉर्डसुद्धा उजेडात तिरपी धरून ओरखडे बघितल्याशिवाय घेत नाही, आणि ही आत काय आहे हे न बघताच कौतुकाने पाहुण्यांना दाखवत होतो. सीलबंद मालाची मेख हीच. फोडलं तर किंमत जाते, न फोडलं तर खोट कळत नाही, आणि तोवर विकणाऱ्याचा नंबर बंद.

शेवटी एका मित्राने प्लास्टिकवर नख फिरवून विचारलं, "हे मिठाईच्या बॉक्सवर असतं तसलं नाही का रे?" फोडलं. आतून फेविकॉलचा वास आला. कव्हर म्हणजे रंगीत प्रिंट, दुसऱ्याच कुठल्या तरी जुन्या कव्हरवर डकवलेली, घडीवर शाई फाटून पांढरी रेघ उमटलेली. या अल्बममध्ये एका बाजूला दोनच ट्रॅक आहेत, पैकी एक तर पंधरा मिनिटांहून लांब. हातातल्या तबकडीवर एका बाजूला ट्रॅकमधल्या पाच फटी मोजल्या. लेबल खरवडलेलं. सुई ठेवली तर एक बाई सावकाश जर्मन वाक्यं म्हणत होत्या, आणि आपण मागून म्हणायला मध्ये थोडी जागा सोडत होत्या.

"अहो, नकलाच जमवता ना, मग ही चालायला हरकत नाही," बायको म्हणाली.

सायबर हेल्पलाइनला, १९३०ला, फोन केला. तक्रार नोंदवून घेतली, पण पैसे वाटेत अडवायचे तर फोन लगेच, काही तासांतच यायला हवा होता. माझे तीन महिने उलटून गेले होते.

गेल्या आठवड्यात नाशिकच्या एका मित्राने फोटो पाठवला. घेऊ का, विचारत होता. तीच रेकॉर्ड, सीलबंद, आता बारा हजार. म्हटलं, आधी कण्याचा फोटो मागव. दहा मिनिटांत त्याला उत्तर आलं, "उन्हाने उडालंय, दादा."