बाकावरचा अंधार: केट शोपॅन यांची ‘अ रिस्पेक्टेबल वुमन’

अमेरिकन लेखिका केट शोपॅन यांची ही कथा १८९४ साली ‘व्होग’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. जेमतेम काही पानांच्या या कथेत घडते ते इतकेच, की लुइझियानातील ऊसमळ्याचा मालक गॅस्टन बारोडा आपल्या जुन्या मित्राला, गुव्हर्नेलला, आठ-पंधरा दिवस राहायला बोलावतो आणि या पाहुणचारावर आधी नाराज असलेल्या त्याच्या पत्नीचे मन एका रात्री त्या पाहुण्याकडे ओढले जाते. गुव्हर्नेल तिला जिंकण्यासाठी काहीही करत नाही. तरीही ही ओढ वाचकाला पटते, आणि ती पटवण्याचे श्रेय मी सर्वस्वी स्थळाच्या योजनेला देतो.

आरंभी गुव्हर्नेल उंच खांबांच्या रुंद ओसरीवर सिगार ओढत, गॅस्टनचे शेतीचे अनुभव ऐकत बसलेला दिसतो. उसावरून येणारा ऊबदार, सुगंधी वारा अंगाला लागला, की यालाच जगणे म्हणतात, असे तो समाधानाने म्हणतो. (ज्याचे बालपण उसाच्या फडाशेजारी गेले, त्याला हे समाधान समजावून सांगावे लागत नाही.) मात्र तिथे नवरा शेजारी आहे, घरचा वावर आहे, आणि बारोडाबाईंना हा पाहुणा अबोल, जवळजवळ नीरस वाटतो.

मग एका रात्री बाई खडीच्या वाटेच्या टोकाला, सदाहरित ओकच्या झाडाखालच्या बाकावर एकट्याच जाऊन बसतात. खडीवर पावले वाजतात, पण अंधारात दिसतो तो केवळ जवळ येणारा सिगारचा लाल ठिपका. गॅस्टननेच पत्नीसाठी पाठवलेला तलम पांढरा स्कार्फ गुव्हर्नेल तिच्या हाती देतो आणि ती तो न पांघरता मांडीवर तसाच राहू देते. नवऱ्याची काळजी त्या काळोखापर्यंत येऊन पोचली आहे आणि तिथेच थांबली आहे, हे लेखिकेने एका वस्त्रातून दाखवले आहे. कथेतील ही जागा मला सर्वांत मोलाची वाटते. गुव्हर्नेल अमेरिकन कवी व्हिटमनच्या रात्रीवरच्या ओळी स्वतःशीच म्हणतो, मग संकोच गळून मोकळेपणाने बोलू लागतो, आणि बाईंपर्यंत शब्दांचा अर्थ न पोचता केवळ आवाज पोचत राहतो. चेहरा दिसत असता, तर हे घडलेच नसते. हात लावण्याची इच्छा जसजशी अनावर होते, तसतशा त्या दूर सरकतात आणि असभ्य दिसणार नाही इतका वेळ जाताच उठून घरात जातात.

मळ्यावर राबणाऱ्यांविषयी कथा फारसे बोलत नाही, ही उणीव मला जाणवली. ओसरीवरची ती निवांत हवा कोणाच्या कष्टांवर उभी आहे, याचा निदान एखादा उल्लेख हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई रेल्वेने शहरात निघून जातात आणि पाहुणा गेल्यावरच परततात. वर्ष संपण्याआधी मात्र त्या स्वतःहून त्याला पुन्हा बोलावण्याचे सुचवतात आणि आपण सारे काही जिंकले आहे, असे पतीला सांगतात. नेमके काय जिंकले, ते लेखिका सांगत नाही, आणि पुढच्या खेपेस त्या ओसरीवर बसतील की ओकखालच्या बाकावर, तेही नाही.